वडील ठणठणीत आहेत, विहिरीला पाणी आहे. कविता कशावर लिहू?

पिग्मीवाला (माजलगाव)

नमस्कार मंडळी. मी एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत गोळा करणारा. दुपारी चारनंतर मशीन गळ्यात अडकवायची, मोंढ्यापासून बसस्टँडपर्यंत दुकानं करायची, रात्री भरणा जुळवायचा आणि घरी. कॉलेजपासून कविता लिहितो. घरी कुणाला फारसं माहीत नाही. बायकोला माहीत आहे, पण ती विषय काढत नाही.

मध्यंतरी इकडं एका कविसंमेलनात वाचायची संधी मिळाली. माझ्या आधी आठ-दहा जण वाचून गेले. पहिल्याच्या कवितेत बाप फासावर, दुसऱ्याच्या कवितेत बाप सावकाराच्या दारात, तिसऱ्याची माय फाटक्या लुगड्यात. प्रत्येक कवितेला टाळ्या. त्यातल्या एकासोबत नंतर चहा घेतला, तर त्याचे वडील तहसीलमधून रिटायर झालेले, पेन्शन चालू. मी पावसावर वाचलं. मधल्या रांगा उठून चहाकडं गेल्या. सूत्रसंचालक माईकवरूनच म्हणाले, "नवोदितांनी जगण्यातले विषय घ्यावेत."

आता माझं जगणं असं : कॅनॉलला पाणी असतं, वडलांचा दोन एकर ऊस आहे, विहीर आहे. वडील रात्री जेवून टीव्हीवर कुस्त्या बघतात आणि घोरतात. आई बचत गटाची अध्यक्ष आहे, तिच्या साड्या माझ्या बायकोपेक्षा चांगल्या. यात लिहायचं काय? एक मित्र म्हणाला, निसर्गात जा. कोकणात गेलो, समुद्रावर लिहिलं. ते वाचून मलाच शाळेच्या पुस्तकातला धडा आठवला.

इथं कवी आहेत, ललित लिहिणारेही आहेत. तुम्हाला सुचतं कुठून? जागा, वेळ, सवय, काय असेल ते ठोस सांगा. "आतून येतं" असं कुणी कृपया सांगू नका, आतून काही येईना म्हणूनच विचारतोय.

टवाळ लातूरकर

लग्न झालंय हे वाचून वाईट वाटलं. नसतं तर सांगितलं असतं, लग्न कर. एक तर कविता सुरू होते नाहीतर कायमची बंद होते. दोन्हीकडून प्रश्न मिटला असता.

निवृत्त वाहक (अंबाजोगाई)

वरच्या टवाळाकडं दुर्लक्ष कर गड्या.

मी एसटीत वाहक होतो. अंबाजोगाई, परळी, गंगाखेड, परभणी ह्या पट्ट्यात नोकरी गेली. दिवाळी अंकांत अधूनमधून ललित लेख येतात माझे. कविता फारशी नाही, तेव्हा चांगली कविता कशी असते ते मला विचारू नको. सुचण्याचं मात्र सांगू शकतो.

आधी मला सांग, तुझ्या कवितेतला पाऊस कोणता होता? मृगाचा का हस्ताचा? पेरून आकाशाकडं डोळे लावून बसल्यावर आलेला, का सोयाबीन काढून रानात ढीग घातल्यावर आलेला? ताडपत्री धरून पळणाऱ्या माणसाला तू "रिमझिम" ऐकवलंस तर तो चहाकडं जाणारच. पावसाला कंटाळून गेले नाहीत ते.

आता माझं ऐक. परभणीच्या कोर्टात तारीख असली की दोन सख्खे भाऊ माझ्या गाडीला असायचे. बांधाचा दावा होता, एकमेकांवरच. सकाळी वेळेत पोचवणारी गाडी एकच, त्यामुळं वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीत. थोरला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, धाकटा पार शेवटच्या लांब बाकावर. एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण मी तिकिटाला गेलो की थोरला म्हणायचा, "दोन परभणी." मी विचारलं, दुसरं कुणाचं? त्यानं मान वळवली नाही, खांद्यावरून अंगठा तेवढा मागं केला. संध्याकाळी परतीच्या गाडीत धाकटा दोन काढायचा. वकील वेगळे, फी वेगळी, डबेसुद्धा वेगळे, आणि तिकीट एकत्र. दाव्याचा निकाल काय लागला मला ठाऊक नाही, पुढं माझी ड्यूटी बदलली.

ते मी तेव्हा लिहिलं नाही. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, डेपोत जमा करावं लागतं, त्यावर एक अक्षर जादा चालत नाही. म्हणून खिशात पाठकोऱ्या कागदांची घडी ठेवायचो. त्यावर फक्त "दोन परभणी – थोरला – अंगठा" इतकंच टिपलं. त्या भावांबद्दल मला काय वाटलं ते टिपलं नाही, आणि हे बरं झालं. वाटलेलं चार दिवसांत बदलतं. अंगठा बदलत नाही. पुष्कळ वर्षांनी आमच्याच घरात वाटणी निघाली. मोजणीवाला रानात टेप ओढत होता, मी धुऱ्यावर उभा, भाऊ समोरच्या धुऱ्यावर, आणि मला एकदम ती गाडी आठवली. रात्री लेख लिहून झाला. कुठून सुचला म्हणशील? गाडीत सुचला नाही आणि रानातही सुचला नाही. एक गोष्ट टिपून पडलेली होती, दुसरी अंगावर आली, दोन्ही एकमेकींना भेटल्या. कोकणात तुझं असं झालं नाही, कारण तिथं तुला नवीन गोष्ट दिसली पण तिला भेटायला तुझ्याकडची जुनी गोष्ट नव्हती.

दुसरं, हाताला काम असताना सुचतं. हे मी पुस्तकातनं सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मुक्कामी गाडी असायची. रात्री गावात गाडी उभी करायची, मी आणि ड्रायव्हर गाडीतच किंवा देवळात झोपायचो. धारूरकडच्या डोंगरातल्या एका गावात पहाटे जात्याची घरघर यायची. गिरणी आली होती गावात, पण डाळ भरडायला जातं लागतंच. म्हातारी ओवी म्हणायची. मी अंथरुणातच ऐकायचो. जात्याचा फेरा जड झाला की तिचा शब्द लांबायचा, घास टाकताना ओळ तुटायची. आमची गंगाखेडची जनाबाई म्हणते, "दळिता कांडिता, तुज गाईन अनंता." ती देवळात निवांत बसून हे म्हणत नाही, तिच्या हातात खुंटा आहे. दळण बाजूला ठेवून सुचेल म्हणून ती थांबली असती तर आपल्याला काही मिळालं नसतं.

तुझी रोजची फेरी हेच तुझं जातं आहे गड्या. (इतकीच उपमा देतो, जास्त उपमांनी लेख फुगतो.) रोज तीच दुकानं, त्याच क्रमानं, तीच माणसं. कवीला ह्याहून काय पाहिजे? रोज बघतोस म्हणून कालच्यापेक्षा आज काय निराळं आहे ते तुलाच दिसणार. पाहुण्याला दिसणार नाही. आपल्या परभणीचे बी. रघुनाथ घे. निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून होते. १९१३ चा जन्म, १९५३ ला गेले, म्हणजे पुरती चाळिशी. एवढ्यात कविता, कथा, कादंबऱ्या. त्यांना कुणी डोंगरावर पाठवलं नव्हतं. कचेरी, रस्ते, गुत्तेदार, निजामी राजवटीतली भेदरलेली मध्यमवर्गी घरं, हाच सगळा ऐवज.

लिहायच्या साधनांचंही रडगाणं गाऊ नको. आमच्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचा वेदान्तातला विषय, लिहिलं, आकृत्या काढून. पासोडी अजून आहे. तुझ्याकडं तर मोबाईल आहे, पण मी म्हणेन कागदच ठेव. मोबाईलमधलं टिपलेलं आपण पुन्हा उघडत नाही.

आणि ललित लेखाचं विचारलंस म्हणून : कविता मला कानातनं येते, एखादं वाक्य ऐकू येतं आणि जात नाही. लेख मात्र एखादी गोष्ट पटत नाही तिथून निघतो. सुट्ट्या पैशांवर माझा एक लेख आहे. तिकिटाच्या मागं आम्ही बाकी लिहून द्यायचो, पेनानं, दोन रुपये, पाच रुपये. काही माणसं ती न घेताच उतरायची. गरीब जास्त विसरतात का श्रीमंत, असा प्रश्न डोक्यात शिरला. उत्तर माझ्या अंदाजापेक्षा उलटं निघालं, पण ते इथं सांगत नाही, लांबेल.

तू आता एवढं कर. आठवडाभर फेरीत एकही कविता करू नको. ज्या दुकानदाराचा रोजचा आकडा कमी झाला, त्याला तू काय विचारलंस आणि काय विचारता विचारता थांबलास, एवढं टिपून आण. इथं टाक.

कोयत्याची लेक

काकांचं सगळं पटलं, पण पिग्मीवाले दादा, तुमच्याशी मला थोडं भांडायचं आहे.

बापाच्या कवितांचा तुम्हाला कंटाळा आला. मलाही येतो. पण पेन्शनवाल्याच्या मुलानं फासावर लिहिलं म्हणून फास खोटा होत नाही. पाटोदा तालुक्यातलं माझं गाव. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली, गाव निम्मं रिकामं व्हायचं. मी चौथीपर्यंत फडावरच होते, नंतर आजीजवळ राहून शिकले. आज संभाजीनगरला नर्स आहे. आमच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, कुणी कवी आला नाही, पण आमच्यावर कविता भरपूर झाल्या. त्यात कोयता चमकतो, घाम गळतो, सूर्य लाल असतो. थंडीत रात्री दोनला गाडी भरायला उठवलेल्या बाईला सूर्य कुठून दिसणार?

मला पहिल्यांदा सुचलं ते वाढ्यांवरून. ऊस तोडल्यावर शेंड्याचा जो हिरवा भाग राहतो ते वाढं. जनावरांना घालायला आसपासचे लोक विकत घेतात. त्याच्या पेंढ्या बांधून आई विकायची आणि ते पैसे वडलांना कळू न देता पिठाच्या डब्यात ठेवायची. मुकादमाच्या वहीत त्या पैशाची नोंद नसायची, कारण ते उचलीत वळते होत नव्हते. त्या पैशातून माझी कंपासपेटी आली. त्यावर कविता केली तेव्हा आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "डबा पिठाचा नव्हता, मिठाचा होता. पिठाचा तुझा बाप उघडायचा." मी बदललं. कविता तिथं सुधारली, माझ्या कुठल्याही शब्दानं नाही.

म्हणून मला वाटतं, विषय शिळा होत नसतो, लिहिणारा लांब उभा असतो. तुमचे वडील घोरतात, कुस्त्या बघतात, तर तसेच लिहा ना. पाणी असलेल्या माणसाला शेजारच्या कोरड्या विहिरीकडं बघून काय वाटतं, हे मराठवाड्यात किती जणांनी लिहिलंय? त्यांच्या दोन एकरांतला ऊस तोडायला कोण येतं, ते कुठं उतरतात, तुमची आई त्यांना पाणी कुठून देते? मला खरंच जाणून घ्यायचंय, टोमणा नाही.

एक व्यवहाराचं : दुकानदारांचे आकडे म्हणजे त्यांच्या घरातली गोष्ट. काकांनी टिपा म्हटलं तरी नाव, गल्ली, रक्कम जशीच्या तशी टाकू नका. मी पण पेशंटचं लिहिताना आजार तोच ठेवते, माणूस बदलते.

गोदातीर (पैठण)

मी मराठीचा विद्यार्थी, कवी नाही. पण वरचं वाचताना दोन-तीन गोष्टी आठवल्या.

"इथं विषयच नाही" ही तक्रार ज्या भागातून होते, त्याच भागात गाथासप्तशती झाली. आमच्या पैठणची, सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली, माहाराष्ट्री प्राकृतातली. त्यात राजवाडे शोधू नका. कापसाचं शेत आहे, नांगर आहे, वाटसरू आहे, गोदाकाठ आहे, शेतकऱ्याची सून आहे, आणि पावसाळ्यात परगावी अडकलेला नवरा तर सारखाच आहे. एकेक गाथा दोन ओळींची. सुरुवातीच्या एका गाथेत म्हटलंय की हालानं कोटीभर गाथांतून सातशे निवडल्या. कोटी ही अतिशयोक्ती धरली तरी त्या गाथेचं म्हणणं एवढं : गाथा आधीच होत्या, राजानं निवडल्या.

काकांनी ओव्यांचं काढलं म्हणून पिग्मीवाल्यांना मुद्दाम सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायचा मोठा प्रकल्प केला, एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आता 'पारी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यात तुमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत, १९९६ साली रेकॉर्ड केलेल्या. तुमच्या फेरीच्या रस्त्यातच असेल बहुतेक ते.

आणि ज्याला आपण निसर्गकवी म्हणून शाळेत शिकलो त्या वर्ड्सवर्थचं ऐका. तळ्याकाठची ती पिवळी डॅफोडिलची फुलं त्यानं बहिणीबरोबर फिरताना पाहिली. १५ एप्रिल १८०२ च्या तिच्या रोजनिशीत त्यांचं वर्णन आहे, फुलं दगडांवर डोकं टेकवून दमल्यासारखी विसावली होती वगैरे. कविता नंतर झाली, छापली गेली १८०७ ला. आणि कवितेत तो म्हणतो, मी एकटाच भटकत होतो! बहीण गेली कुठं, हा प्रश्न मी सरांना विचारला होता, ते हसले फक्त.

टवाळ लातूरकर

बहीण मिठाच्या डब्यात.

(सॉरी ताई. डब्याची गोष्ट जबरदस्त आहे, खरंच.)

पिग्मीवाला (माजलगाव)

उशिरा लिहितोय, महिनाअखेर होती.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : आमच्याकडं तोडीला टोळी येते ती कारखान्याकडून ठरते, कॅनॉलच्या कडेला कोपी पडतात. पाणी आमच्या बोअरचं नेतात. आई त्यातल्या बायकांना बचत गटाचं समजावत बसते आणि त्या हसतात. कामून हसतात, हे मी आजवर विचारलं नव्हतं. आईला विचारलं, ती म्हणाली, "त्यांचा गट दर सहा महिन्याला दुसऱ्या जिल्ह्यात जातो, हप्ता कुठं भरायचा?" हे वहीत लिहून ठेवलंय, कवितेचं माहीत नाही.

काका, तुम्ही सांगितलं तसं टिपलं. बहुतेक ठिकाणी मी काहीच विचारत नाही असं दिसलं. आकडा कमी झाला की मी मशीनकडं बघतो आणि समोरचा रस्त्याकडं बघतो. एका जागेवरून हे झालं. माणूस बदललाय, धंदा तोच आहे :

रसवंतीवाला मार्चात पन्नास देतो,
आषाढात दहा.
चरकाची घुंगरं सोडून ठेवतो पिशवीत
आणि दहाचीही पावती मागतो.
मी म्हणतो, पाऊस बरा झाला औंदा.
तो म्हणतो, हो ना, बरा झाला.
गरिबाची जिंदगी अशीच असते राव,
पिळून टाकलेल्या चिपाडासारखी.

कोयत्याची लेक

"हो ना, बरा झाला" इथं मी थांबले. पाऊस बरा झाला म्हणजे त्याचा धंदा बसला, आणि तुम्ही दोघंही ते बोलत नाही. छान.

निवृत्त वाहक (अंबाजोगाई)

शेवटच्या दोन ओळी काढ. त्या तुझ्या नाहीत, त्या संमेलनातल्या आहेत, तुझ्यासोबत घरी आल्या. चिपाड त्याच्या रसवंतीत आहे तिथंच राहू दे.

आणि एक शंका. पावती "मागतो" लिहिलंस. तुझ्या मशीनमधून पावती आपोआप निघत असेल ना? मग तो मागतो कशाला?

पिग्मीवाला (माजलगाव)

बरोबर, आपोआपच निघते. तो मागत नाही. पण बाकीचे चुरगाळून टाकतात, हा उजेडात धरून वाचतो. एकूण जमा किती झाली ते खालच्या ओळीत येतं, तिथवर वाचतो, मग गल्ल्याच्या कप्प्यात ठेवतो.

निवृत्त वाहक (अंबाजोगाई)

मग तेच लिही की.